चाक आणि दार यांच्यामधली वीत

रस्त्यावर उभी असलेली मोटार पुढच्या चाकांनी ओढली जाते की मागच्या चाकांनी ढकलली जाते, हे ओळखायला बॉनेट उघडावं लागत नाही. पुढच्या चाकाची कमान जिथे संपते आणि ड्रायव्हरचं दार जिथे सुरू होतं, त्यांच्यामध्ये हाताचा पंजा धरून बघा. जेमतेम चार बोटं मावली तर गाडी बहुतेक फ्रंट-व्हील. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत अख्खी वीत मावली तर मागच्या चाकांवर चालणारी.

कारण साधं आहे. फ्रंट-व्हील गाडीत इंजिन आडवं बसतं, गिअरबॉक्स त्याच्याच कुशीत, आणि ते सगळं बिऱ्हाड पुढच्या चाकांच्या डोक्यावर. त्यामुळे चाक मागे सरकतं, दाराला चिकटतं. रिअर-व्हील गाडीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं, गिअरबॉक्स त्याच्या मागे, आणि पुढचं चाक ऐसपैस पुढे जाऊन उभं राहतं. पत्र्याला कितीही इस्त्री करा, ही वीत खोटी आणता येत नाही. डिझायनर लोक या विती-दोन वितींसाठी जीव टाकतात. लांब नाक, मागे रेललेली केबिन, हा सगळा रुबाब तिथून येतो.

ही विद्या मला शिकवली ती एका कँटीनच्या टेबलाने. २००६ सालची गोष्ट. डेट्रॉइटच्या एका उपनगरात प्रोपेलर शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरीला होतो. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत (चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीपर्यंत) गाडीच्या पोटाखालून जाणारी ती फिरती नळी. फ्रंट-व्हील गाडीला ती नसतेच. म्हणजे आमच्या लेखी ती गाडीच नव्हे.

त्या वर्षी जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनात जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेने कॅमॅरो या आपल्या स्पोर्ट्स कारचा नवा नमुना दाखवला आणि डब्यावरच्या गप्पांना महिनोन्महिने पुरेल एवढं इंधन मिळालं. वाद असा : अमेरिकन कंपन्यांनी रिअर-व्हीलचा एकच सामायिक प्लॅटफॉर्म करावा की नाही? जनरल मोटर्सने एका सांगाड्यावर कॅमॅरो, इम्पाला, पाँटियाक सगळ्या उभ्या कराव्यात. फोर्डने ऑस्ट्रेलियातली फाल्कन आणि इथली मस्टँग एकत्र आणावी. खर्च वाटला जाईल, जर्मन गाड्यांच्या तोडीस तोड काही बनेल. एखादा उत्साही तर म्हणायचा, क्रायस्लरला धरून तिन्ही कंपन्यांनी मिळूनच एक करा ना, काय बिघडतं?

आमच्या टेबलावर एक निवृत्तीला टेकलेला टूल-मेकर होता. पोलिसांच्या लिलावातून घेतलेली क्राउन व्हिक्टोरिया चालवायचा, म्हणून सगळे त्याला ‘शेरीफ’ म्हणत. तो सँडविचचा घास गिळून म्हणाला, “शेजारच्या तीन घरांनी मिळून बर्फाचं एक फावडं घेतलेलं पाहिलंयस कधी?”

मला तेव्हा आमचे थोरले काका आठवले. अण्णाकाका कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फिटर होते. तिथे फियाट बनायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वालचंद हिराचंदांच्या त्या कंपनीने सुरुवातीला करार केला होता तो अमेरिकेच्या क्रायस्लरशी. डॉज, फार्गो, डिसोटो ही नावं मिरवणारे ट्रक तिथून बाहेर पडत, आणि तिन्ही मुळात एकच. अण्णाकाका सांगायचे, “नाव बदललं तरी पाना तोच लागायचा रे.” प्लॅटफॉर्म शेअरिंगवर एवढं नेमकं वाक्य मी पुढे कुठल्याही मीटिंगमध्ये ऐकलं नाही. आणि पुढे पद्मिनी आलीच. मागच्या सीटच्या मधोमध पायाशी जो उंचवटा असतो, त्याच्या दोन बाजूंना पाय सोडून बसायची जागा घरातल्या सगळ्यात धाकट्याची. ती वर्षानुवर्षं माझी होती. त्या उंचवट्याखालून शाफ्ट फिरतो आणि एक दिवस त्यावरच आपलं पोट चालणार आहे, याची तेव्हा काय कल्पना!

अमेरिकेत एकेकाळी हा वाद निघण्याचं कारणच नव्हतं, कारण जवळजवळ सगळ्याच गाड्या रिअर-व्हील होत्या आणि सगळ्या एकमेकींच्या सांगाड्यावर बेतलेल्या होत्या. १७ एप्रिल १९६४ ला जगासमोर आलेली मस्टँग ही आतून फोर्डची साधी, किफायती फाल्कनच होती (ही अमेरिकेतली फाल्कन, ऑस्ट्रेलियातली नंतर आपल्या वाटेने गेली). पुढे १९७८ च्या फेअरमाँटसाठी फोर्डने जो ‘फॉक्स’ प्लॅटफॉर्म काढला, त्यावर मस्टँग, थंडरबर्ड, अगदी लिंकनसुद्धा काढली, आणि त्याचीच डागडुजी करत मस्टँग २००४ पर्यंत ओढली.

मधल्या काळात तेलसंकट आलं होतं. १९७५ च्या कायद्याने गाड्यांच्या सरासरी मायलेजवर बंधन आणलं आणि १९८५ सालासाठी २७.५ मैल प्रति गॅलनचं लक्ष्य ठेवलं, आपल्या हिशेबात लिटरला पावणेबाराच्या आसपास किलोमीटर. गाड्या हलक्या आणि आखूड करायच्या तर शाफ्ट आणि तो उंचवटा आधी गेला पाहिजे. फ्रंट-व्हीलमध्ये इंजिन-गिअरबॉक्सचा गठ्ठा एका दमात खालून बसवता येतो, आत जागा मिळते, खर्च कमी. शिवाय बर्फ. इंजिनचं वजन चालत्या चाकांवर असल्याने फ्रंट-व्हील गाडी बर्फात पकड धरते.

ते मी अंगावर घेऊन शिकलो आहे. इथला माझा पहिला हिवाळा, हाताशी एक जुनी, लांबलचक रिअर-व्हील सेडान. नाव सांगत नाही, तिचा दोष नव्हताच. सिग्नलला हिरवा दिवा लागला, मी मुंबईच्या सवयीने पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी अशी वळली की मी मागच्या गाडीतल्या बाईंच्या समोरासमोर. त्या हसल्या. खिडकी खाली करून म्हणाल्या, “डिकीत वाळूची पोती टाक.” संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून दोन पोती आणली, मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवली आणि मार्चपर्यंत ती फिरवली. त्या राज्यात बहुसंख्य लोकांनी फ्रंट-व्हील का पसंत केली हे मला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही त्या टेबलावर मी रिअर-व्हीलच्याच बाजूचा होतो. पगार हे एक कारण झालं. दुसरं असं की गाडी वेग घेते तेव्हा तिचं वजन मागे रेलतं, आणि ढकलणारी चाकं तिथेच असतील तर तो भार कामी येतो. पुढच्या चाकांना फक्त वळायचं असतं. एकाच चाकाला ओढायलाही लावायचं आणि वळायलाही, तर तीनशे-चारशे घोड्यांच्या इंजिनपुढे ते बिचारं हातातलं स्टिअरिंगच हिसकावतं.

कॅमॅरोचं घोडं मात्र ऑस्ट्रेलियात न्हालं. जनरल मोटर्सची तिकडची कंपनी होल्डन. तिला रिअर-व्हील कधी सोडावीच लागली नव्हती, कारण तिथल्या लोकांना लांब रस्त्यांवर मोठी गाडी हवी असे. तिने ‘झीटा’ नावाचा प्लॅटफॉर्म काढला, त्यावर २००६ च्या जुलैमध्ये कमोडोर आली आणि विकासाचा खर्च अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. त्या खर्चाला जगभर गिऱ्हाइकं शोधायची होती. म्हणून कमोडोरला नवं नाक लावून २००८ मध्ये ती अमेरिकेत पाँटियाक जी८ म्हणून उतरली. कॅमॅरोचं इंजिनिअरिंगही होल्डनकडे आणि बांधणी कॅनडातल्या ओशावात. मस्टँगला टक्कर द्यायला निघालेल्या अस्सल अमेरिकन गाडीची हाडं मेलबर्नला घडली, हे इथल्या चाहत्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. शेरीफने घेतलं.

आता ‘एकच प्लॅटफॉर्म’ म्हणजे काय, ते आमच्या बाकावरून कसं दिसतं बघा. कमोडोरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,९१५ मिलिमीटर. कॅमॅरोचं २,८५२. त्याच घरातल्या लांब कॅप्रिसचं ३,००९. माहितीपत्रकात तिन्ही एका प्लॅटफॉर्मच्या. शाफ्टवाल्याला विचाराल तर ही तीन वेगळी लग्नं आहेत. (आमच्या कारखान्यात कुणाचे शाफ्ट होत ते विचारू नका, अशा कुठल्याही गाडीची कथा हीच.) शाफ्ट लांबला की तो कमी वेगातच थरथरू लागतो, आणि हे लांबीच्या वर्गाच्या पटीत बिघडतं. नळी लांबवायची तर जाडी बदला, नाहीतर तिचे दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग टाका. बेअरिंग आलं की त्याला टांगायला जागा हवी, म्हणजे तळाच्या पत्र्याला नवी भोकं. इंजिन सहा सिलिंडरचं की आठचं, गिअरबॉक्स हाताचा की ऑटोमॅटिक, यावर पुन्हा लांबी फिरते.

शेवटी प्रत्येक शाफ्ट मशीनवर चढवून फिरवतात. कुठे जड भरतोय ते पाहून उलट्या बाजूला नखाएवढा लोखंडाचा तुकडा वेल्ड करतात आणि पुन्हा फिरवतात. माझी पहिली दोन वर्षं त्या मशीनपाशी गेली. एकाच लॉटमधल्या दोन शाफ्टना तुकडा कधी एकाच जागी लागला, असं क्वचितच झालं. प्लॅटफॉर्मवरच्या वादात तावातावाने बोलणाऱ्या माणसाला एक दिवस तिथे उभं करावं, असं मला फार वाटायचं.

मग वाटून घेतात ते नेमकं काय? केबिन आणि इंजिनमधली पत्र्याची भिंत, सस्पेन्शन जिथे टांगतात ते बिंदू, वायरिंग, सीटखालचा सांगाडा, अपघाताच्या चाचण्यांचं गणित. पैसा वाचतो तो इथे, आणि तो थोडाथोडका नसतो. पण याच गोष्टींबरोबर स्वभावही वाटला जातो. पाच माणसांच्या सेडानसाठी बांधलेल्या हाडांवर कॅमॅरो उभी केली तेव्हा ती जाडजूड झाली. आठ सिलिंडरची, म्हणजे व्ही८ वाली, सुमारे पावणेदोन टनांची, आणि स्पोर्ट्स कार म्हणून कायम तिच्या वजनावरून बोलणी खाल्ली. २०१६ च्या कॅमॅरोसाठी धडा घेऊन ‘अल्फा’ प्लॅटफॉर्म निवडला. तो कॅडिलॅकने बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजशी झुंजायला हलका आणि आटोपशीर बनवलेला. गाडी ९० किलोंहून जास्त उतरली, वळणावर अप्रतिम झाली. आणि मागच्या सीटवर दप्तराशिवाय काही मावेना, डिकीचं तोंड टपालपेटीएवढं. म्हणजे थोरल्या भावाचा शर्ट घातला तर ढगळ, धाकट्याचा घातला तर बटणं तुटतात.

झीटावर इम्पालाही यायची होती. २००७ च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सचे बॉब लुट्झ यांनी जाहीर केलं की नव्या रिअर-व्हील गाड्यांचं काम तूर्त थांबवलंय. मायलेजचे नियम आणखी कडक होणार हे दिसत होतं, आणि डिसेंबरमध्ये २०२० पर्यंत ३५ मैलांचा कायदा आलाच. लुट्झ यांची घोषणा आली त्या दिवशी डब्यावर कुणी फारसं बोललं नाही. दोन वर्षांनी, एप्रिल २००९ मध्ये, पाँटियाक हे नावच बंद करण्याची घोषणा झाली, १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. आमच्या कारखान्यातही माणसं कमी झाली. शेरीफने स्वतःहून निवृत्ती घेतली. २० ऑक्टोबर २०१७ ला होल्डनचा ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ या गावचा कारखाना बंद झाला आणि झीटाचं मूळच उपटलं गेलं.

क्रायस्लरची कहाणी याहून मजेची. १९९८ मध्ये ती मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मन डाइम्लरच्या घरात गेली. नावाला बरोबरीचं लग्न, प्रत्यक्षात कुणाचं चालत होतं ते सगळ्यांना माहीत होतं. सासरहून मात्र चांगला आहेर मिळाला : मर्सिडीजच्या ई-क्लासच्या धर्तीचं मागचं सस्पेन्शन, एस-क्लासवरून घेतलेली पुढची मांडणी, पाच गिअरचा ऑटोमॅटिक. त्यातून क्रायस्लर ३००, मग चार्जर, चॅलेंजर. २००७ मध्ये डाइम्लर निघून गेली, २००९ मध्ये फियाट आली, आणि तो आहेर वापरणं चालूच राहिलं. बॉनेटखाली व्ही८ ‘हेमी’ गरजायचा, मालक छातीवर झेंडा लावून फिरायचा, आणि खाली हाडं मर्सिडीजच्या श्टुटगार्टची.

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये त्या गाड्यांची शेवटची पाळी डिसेंबर २०२३ मध्ये झाली. शेवटची कॅमॅरो मिशिगनमधल्या लान्सिंगच्या कारखान्यातून त्याच महिन्यात बाहेर पडली. उरली कोण? मस्टँग. २००५ च्या मस्टँगची सुरुवात लिंकन-जॅग्वारच्या सामायिक सांगाड्यापासून झाली होती. पण तो महागडा निघाला म्हणून फोर्डने त्यात इतकी काटछाट केली की शेवटी ते स्वतंत्रच घर झालं, आणि मागे पुन्हा जुन्या पद्धतीचा अखंड अॅक्सल. आम्ही तेव्हा हसलो होतो. जिने आपला तळ दुसऱ्या कुठल्या गाडीला दिला नाही, जिच्यावर खर्च वाटून घ्यायला कुणी नव्हतं, तीच टिकली. आमच्या टेबलावरच्या दोन्ही पक्षांपैकी कुणीही यावर पैज लावली नसती.

आणि आमची खरी चूक वेगळीच होती. सामायिक रिअर-व्हील प्लॅटफॉर्म हवा की नको यावर आम्ही घसे कोरडे करत होतो, आणि तो कँटीनच्या खिडकीबाहेर, पार्किंगमध्ये रांगेने उभा होता. पिकअप ट्रक. आणि टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड या मोठ्या एसयूव्ही : सगळ्यांची हाडं पिकअपची, सगळ्यांच्या पोटाखाली शाफ्ट. टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात १९९६ पर्यंत रिअर-व्हील कॅप्रिस आणि इम्पाला बनायच्या. त्या बंद करून तिथे जनरल मोटर्सने ट्रक आणि मोठ्या एसयूव्ही घातल्या. मायलेजचा नियम सेडानला कडक आणि ट्रकला सैल, म्हणून गिऱ्हाईक आणि कंपनी दोघंही तिकडे सरकली. आमचा पगार त्या सगळ्या वर्षांत मुख्यतः ट्रकच्या शाफ्टमधून निघत होता, आणि आम्ही डबा खाताना सेडानसाठी अश्रू ढाळत होतो! फोर्डनेही २०२० ची एक्सप्लोरर फ्रंट-व्हीलच्या बेतावरून पुन्हा रिअर-व्हीलच्या बेतावर आणली, आणि तोच प्लॅटफॉर्म लिंकन एव्हिएटरला दिला. आम्ही २००६ मध्ये जे मागत होतो तेच, फक्त उंच, सात सीटवालं. पण त्यासाठी कुणी मिरवणूक काढली नाही.

विजेच्या गाड्यांनी तर सगळा पटच फिरवला. एकच मोटर असेल तर ती बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांपाशी बसते, टेस्लाची तशीच. शाफ्ट नाही, उंचवटा नाही, तळ सपाट. मी अजून दोन-चार वर्षं नोकरीत आहे, त्यामुळे याबद्दल शांत आहे.

गेल्या महिन्यात मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तालमीसाठी आमच्या गल्लीतल्या वहिनींकडे जमलो होतो. त्यांची एक्सप्लोरर अंगणात उभी. वहिनींचा नातू खेळता खेळता चेंडू तिच्याखाली घालवून बसला. मोठी माणसं चहात, म्हणून मीच आडवा झालो. चेंडू मधोमध अडकला होता. हात लांब केला तर बोटं आधी नळीला लागली. मोबाइलचा दिवा लावला. मागच्या टोकापाशी, सांध्यातल्या क्रॉसच्या जरा अलीकडे, तुकडा होता. नखाएवढा, वेल्डच्या दोन काळ्या ठिपक्यांनी चिकटवलेला. कोणत्या कारखान्यातला ते कळायला मार्ग नव्हता, पण वेल्ड नीट होता. मी त्यावरून अंगठा फिरवत राहिलो.

“भावजी, काय शोधताय एवढं?” वरून वहिनींचा आवाज आला. “चेंडू नाही का मिळाला?”

“मिळाला,” मी म्हणालो. “वहिनी, तुमची गाडी रिअर-व्हीलची आहे बरं का.”

“हो का? चहा निवतोय.”